गच्चीवरची ऐकणारी बादली

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नाहीये. मला गच्चीवर ठेवलंय ते ऐकायला, बोलायला नाही. बादली कुणाला काय सांगणार, अशी या घरातल्या सगळ्यांची खात्री आहे, आणि त्या खात्रीवरच सगळे माझ्यासमोर मनमोकळं बोलतात. पण ऐकून ऐकून माझं पोट इतकं भरलंय की आता थोडं तरी सांडणारच. तुम्ही मात्र पुढे कुणाकडे बोलू नका.

मी लाल प्लास्टिकची बादली बोलतेय.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साचा उघडला, मी गरमागरम बाहेर पडले, कुणीतरी मला कडी लावली आणि माझ्या आधी जन्मलेल्या बादलीत मला बसवलं. लगेच माझ्यात पुढची बसली. या जगात आपलं काम काय, हे विचारायला माझं तोंड उघडंच होतं. पण वरच्या बादलीने ते बंद करून टाकलं. तेव्हापासून मी गोंधळलेली आहे, ती आजपर्यंत.

दुकानातून मला सासूबाईंनी उचललं. त्या कुणाच्या सासूबाई, ते पुढे येईलच. त्यांनी मला उलटं धरलं, उन्हाकडे करून पोटात डोकावून पाहिलं आणि बुडावर बोटांची पेरं आपटली.

"ही खणखणीत आहे," त्या म्हणाल्या.

"आजी, प्लास्टिक कधी खणखणतं का?" दुकानदार हसला.

"माझ्या हातात सगळं खणखणतं. पिशवी नको, अशीच द्या, मी नेते."

घरी मी फरशी पुसायच्या कामाला लागले. त्या कामात मला माणसांची बरीच माहिती झाली. पलंगाखाली माणसं काय काय ढकलून ठेवतात, ते मला ठाऊक आहे. पाहुणे येणार असले की तेवढीच पुढची खोली दोनदा पुसतात, हेही. आणि रडायचं असलं की माणसं न्हाणीघरात जाऊन नळ सोडतात. नळाखाली बहुतेक मीच असायचे. पाणी कुठलं आणि रडणं कुठलं, मला वेगळं करता यायचं नाही. पण तेव्हापासून मला कान असावेत, असं आता वाटतं.

माझं बूड फुटलं ते सासूबाईंच्या मुलामुळे. तो नाट्यगृहात दिव्यांचं काम करतो. रंगमंचावर पहाट कशी उजाडायची आणि वीज कशी चमकायची, हे सगळं त्याच्या हातात असतं. गल्लीत त्याला सगळे दिवेवाला म्हणतात. तर या दिवेवाल्याने एक दिवस स्वयंपाकघरातला गेलेला बल्ब बदलायला मला उपडं घातलं आणि माझ्यावर चढला. बल्ब लागला. मी तडकले.

"अरे, शिडी काय शोभेला आणलीय घरात?" सासूबाई कडाडल्या. "चांगली बादली घालवलीस."

"आई, उजेड पडला ना?"

"पडला. माझ्या बादलीतून आरपार दिसतोय."

गळक्या बादलीला घरात जागा नसते. मला गच्चीवर ठेवलं. काही दिवस माझ्यात कपड्यांचे चिमटे होते, मग तेही नव्या डब्यात गेले. वाळकी पानं, एक फाटका मोजा, कोळ्याचं जाळं. मी तशीच पडून होते. टाकून का देत नाहीत आणि वापरत का नाहीत, मला काही उलगडा होईना.

मग वसंताच्या तोंडाशी एके सकाळी दिवेवाल्याची बायको गच्चीवर आली. या घरची सून. ती दवाखान्यात लोकांचे कान तपासते. माणसाला हेडफोन लावायचा, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आला की बोट वर करायला सांगायचं, हे तिचं काम. बोलायला मऊ, पण कामाला चोख. तिने मला आडवी करून झटकलं आणि खाली हाक मारली.

"आई, ही गळकी बादली मी घेऊ का?"

"कशाला?"

"पक्षी ऐकायला."

जिन्यात पावलं वाजली. मग सासूबाईंचं डोकं वर आलं.

"लोकांचे कान तपासता तपासता तुझ्या कानांना काही झालं नाही ना गं?"

पण त्यांनी मला नेऊ दिलं. संध्याकाळी गळ्यात दुर्बीण लटकवलेले एक निवृत्त मास्तर आले आणि दोघांनी मिळून माझं रूपच पालटून टाकलं. माझ्या पोटात जाड स्पंज बसवला, म्हणजे बाजूचे रस्त्यावरचे आवाज आत येऊ नयेत. मधोमध शेंगदाण्याएवढा माइक, तोंड आभाळाकडे. माझ्या तोंडावर पातळ प्लास्टिकचा कागद ताणून रबराने बांधला, शिळं अन्न झाकावं तसा. वायर खिडकीतून खाली संगणकाला. मला विटांवर उभं केलं. माझी तडसुद्धा मास्तरांना आवडली. "वा, पावसाचं पाणी आपोआप निघून जाईल," ते म्हणाले. ज्या तडीपायी मला घराबाहेर काढलं, तिचंच कौतुक. आता यावर बादलीने काय समजायचं?

मास्तरांच्या बोलण्यातून मला थोडंफार कळलं. वसंतात छोटे छोटे गाणारे पक्षी, मुठीत मावतील एवढे, दुरून दक्षिणेकडून येतात आणि उत्तरेकडे घरटी करायला जातात. दिवसा त्यांना खायला लागतं, म्हणून ते उडतात रात्री. दिसत तर कुणालाच नाहीत. पण उडताना एकमेकांना एक बारीकशी हाक देत राहतात. गाणं नव्हे, नुसतं 'त्सिप'. मी इथे आहे, तू आहेस ना, एवढाच त्याचा अर्थ असावा, असं मास्तर म्हणाले. गावात अशा आणखी काही घरांवर बादल्या होत्या. रात्रभर आम्ही ऐकायचं, माणसांनी झोपायचं आणि सकाळी उठून आम्ही काय ऐकलं ते मोजायचं.

"एक त्सिप म्हणजे एक पक्षी धरायचा," मास्तरांनी सांगितलं. "ढोबळच हिशेब, पण चालतो. जाणारा पक्षी आपल्या डोक्यावरून एकदाच जातो. परत कशाला येईल?"

पहिल्या रात्री मी फार घाबरले. पाणी नाही, फडकं नाही, नुसता अंधार तोंडावर ताणलेला. दूरवर एक ट्रक गेला. कुत्रं भुंकलं. आणि मग खूप उंचावरून, सुईने कापडाला टाका घालावा तसा एक आवाज माझ्यात पडला. त्सिप. थोड्या वेळाने दुसरा. मी आयुष्यभर जड पाणी उचललं होतं. इतकं हलकं काही माझ्यात कधीच पडलं नव्हतं.

सकाळी दवाखान्यात जायच्या आधी सूनबाई चहाचा कप घेऊन संगणकासमोर बसायची. पडद्यावर आवाजाच्या खुणा उमटायच्या, नखाने खरवडल्यासारख्या. ती एकेक ऐकायची आणि मोजायची. जास्त आले की ती दिवसभर खूश. कमी आले की गप्प.

"तुमच्या बादली मंडळाचं काय म्हणणं आहे आज?" सासूबाई रोज विचारायच्या, आणि उत्तर ऐकायच्या आधीच भाजी चिरायला लागायच्या.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. गोंधळ झाला तो दिव्याचा.

आमच्या मागच्याच गल्लीत नाट्यगृह आहे. त्या वसंतात नाट्यगृहाने आपल्या मनोऱ्यावर एक मोठा दिवा बसवला, थेट आभाळात झोत सोडणारा. तो बसवला दिवेवाल्याने. किती दिवस तो त्याच्याच मागे होता. जेवताना तोच विषय. माझ्या दिव्यात कधी बिघाड होत नाही, हे त्याचं लाडकं वाक्य, आणि ते खरंही होतं. नाटकाच्या ऐन रंगात त्याचा दिवा कधी गेल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. मास्तरांनी मात्र नगरपालिकेत हरकत घेतली, की रात्रभर असा झोत ठेवला तर पक्षी वाट चुकतील. नगरपालिकेच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, भांडू नका, मोजा. सगळ्यात जवळची बादली ज्यांच्या घरावर आहे, त्यांनी आकडा द्यावा. दिवा लागल्यावर पक्षी कमी झाले, तर वसंतात दिवा बंद. नाही झाले, तर चालू.

सगळ्यात जवळची बादली म्हणजे मी.

"म्हणजे माझ्या दिव्याचा निकाल आईची फुटकी बादली लावणार?" दिवेवाला त्या दिवशी गच्चीवर दोरीवरचे वाळलेले कपडे काढता काढता म्हणाला.

"फोडली कुणी?" सूनबाई म्हणाली.

"त्याचाच सूड घेतेय ती."

दोघं हसली. पण हसून झाल्यावर त्याने हळूच विचारलं, "तुला काय वाटतं गं? कमी होतील?"

"मला काही वाटून चालत नाही. जे ऐकू येईल ते सांगायचं."

"बरोबर आहे," तो म्हणाला. आणि एक शर्ट चार वेळा घडी करून पुन्हा उलगडला.

रात्री ऐकायला बसले की मी फक्त वर बघते. माझ्या तोंडाएवढं गोल आभाळ, तेवढंच माझं जग. दिवा लागला त्या संध्याकाळी धुकं उतरलं होतं, आणि माझं ते गोल आभाळ एकदम दुधासारखं पांढरं झालं. आणि मग हाका सुरू झाल्या. एक नाही, दोन नाही. नळ सोडावा तशा. त्सिप त्सिप त्सिप, या काठावरून, त्या काठावरून, वरून, अगदी खालून. इतके पक्षी जगात आहेत, हेच मला माहीत नव्हतं.

त्यात एकाचा आवाज वेगळा होता. त्याच्या हाकेत मध्येच एक उचकी होती: त्सि-इप. मी त्याचं नाव उचकी ठेवलं. उचकी गेला. थोड्या वेळाने दुसरा उचकी आला. मग तिसरा. मला वाटलं, यांचं सगळं घराणंच उचकीचं दिसतंय. भाऊ, चुलतभाऊ, मेव्हणे, सगळे एका रांगेत निघालेत. पहाटेपर्यंत किती उचक्या गेल्या, मला मोजता आलं नाही. एवढं मोठं कुटुंब एका रात्रीत प्रवासाला निघालं, याचं मला नवल वाटत राहिलं.

सकाळी सूनबाईचा चहा गार झाला. ती मोजतच होती. आकडा इतका मोठा आला की गावातल्या कुठल्याच बादलीने तसा कधी ऐकला नव्हता. मास्तर फोनवर एवढ्याने ओरडले की मला गच्चीवर ऐकू आलं. ते त्या दिव्याच्या विरोधात होते, पण आकडा बघून ते स्वतःच विरघळले. "आपलं चुकलं म्हणायचं! पक्षी तर वाढले!"

नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांनी दुसऱ्याच दिवशी दारावर पाटी लावली: 'पक्ष्यांचाही लाडका दिवा'. आणि दिवेवाल्याने संध्याकाळी आईसाठी नवी कोरी निळी बादली आणली.

"ही घे. जुन्या बादलीचं प्रायश्चित्त. आता तिने माझ्याच बाजूने साक्ष दिलीय."

मला निळीचा राग आला. पण त्याच्या आवाजात इतका आनंद होता की राग धरता येईना. सूनबाई त्याच्याकडे बघून हसत होती, आणि मला वाटलं, चला, निदान आपल्यामुळे दोघं खूश आहेत.

पुढे काही रात्री आभाळ स्वच्छ होतं, आणि हाका पुन्हा नेहमीसारख्या तुरळक. मग परत दाट धुकं आलं, आणि बारीक भुरभुर. परत तो नळ सुटला. पण त्या रात्री माझ्या तोंडावरचा कागद एका बाजूने सुटून फडफडायला लागला. खाली सूनबाईला काय जाणवलं कोण जाणे; आवाज तपासायला ती उठली असेल. ती चिकटपट्टी घेऊन गच्चीवर आली. रात्री गच्चीवर येण्याची तिची ती पहिलीच वेळ. आम्ही ऐकायचं आणि त्यांनी झोपायचं, असाच नियम होता ना.

तिने माझ्यावर वाकून कागद नीट केला. मग मान वर केली आणि तशीच राहिली. हातातली चिकटपट्टी खाली पडून घरंगळत गेली, तरी तिने पाहिलं नाही.

मागून सासूबाई आल्या, हातात तिचं स्वेटर. "अगं, गारठ्यात काय करतेस? दार उघडं टाकून..." आणि त्याही थांबल्या.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"पक्षी," सूनबाई म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"फिरतायत कशाला असे?"

"उजेडाबाहेर जाता येत नाहीये त्यांना, आई. बाहेर सगळं काळं दिसत असणार. म्हणून गोल गोल..."

"आणि हाका कुणाला मारतायत?"

वरून उचकी गेला. त्सि-इप. सासूबाईंचे ओठ हलले. थोड्या वेळाने तो परत आला. त्सि-इप. मग परत.

"तोच आहे हा," सूनबाई म्हणाली. "आई, तो एकच आहे. थकून इथेच राहिला असणार, आणि मी त्याला किती वेळा मोजलं."

तेव्हा मला कळलं. भाऊ नव्हते, चुलतभाऊ नव्हते. तो एकटाच होता, आणि आमच्या डोक्यावरून पुन्हा पुन्हा जात होता. जाणारा पक्षी एकदाच जातो, हे मास्तरांचं बरोबर होतं. पण हा जाऊच शकत नव्हता. आणि मी आपली मनाशी त्याची लग्नाची वरात काढत बसले होते.

पहाटे कधीतरी उचकीची हाक आली, आणि त्यानंतर आलीच नाही. मी वाट पाहिली. दुसऱ्यांच्या हाका होत्या, त्याची नव्हती. तो सुटला का? सुटला असेल तर हाक येणार नाहीच. आणि सुटला नसेल, तरी येणार नाही. दोन्हींचा आवाज एकच, म्हणजे काहीच नाही. बादलीला यातलं काय कळावं?

सकाळी सासूबाई गच्ची झाडायला आल्या. मनोऱ्याच्या बाजूच्या कोपऱ्यात त्यांचा झाडू थांबला. त्या खाली बसल्या आणि काहीतरी उचलून ओंजळीत घेतलं. पिवळसर, हिरवट, ओले, लहान. एकाहून जास्त होते. त्या ओंजळ घेऊन माझ्याजवळ आल्या. त्यांत उचकी होता की नव्हता, मी सांगू शकत नाही. मेलेल्याचा आवाज ओळखता येत नाही.

त्या दिवशी घरात जे झालं ते मला जिन्यातून ऐकू आलं.

"म्हणजे मी मारले?" दिवेवाला म्हणत होता. "सरळ बोल ना, खुनी आहे मी."

"मी असं म्हटलं का? आकडा तर मी दिला. पाटी माझ्या आकड्यावर लागलीय."

"मग राहू दे ना तो आकडा! अख्ख्या गावाने टाळ्या वाजवल्या तुला. आता काय सांगणार, मला मोजता येत नाही?"

"हो. तेच सांगणार."

"आणि माझा दिवा?"

न्हाणीघराचं दार लागलं. मग नळ सुटल्याचा आवाज आला, आणि तो खूप वेळ चालू होता.

नगरपालिकेच्या बैठकीला मास्तरांनी तोंडावरचा कागद सोडवून मलाही नेलं, लोकांना दाखवायला. सभागृहाच्या दाराशी ठेवलं, तर तिथल्या साफसफाईच्या बाईंनी माझ्यात ओला पोछा आणून टाकला. माझ्या पोटात माइक आहे हे त्यांना कोण सांगणार! मास्तर धावत आले. सगळे हसले. मग सूनबाई उभी राहिली आणि म्हणाली की तिचा आकडा चुकीचा आहे, तो मागे घ्यावा.

"बाई," व्यवस्थापक खुर्चीत मागे टेकत म्हणाले, "तुम्ही अख्ख्या गावाचे कान तपासता. आणि तुमचंच ऐकणं चुकलं?"

परत हसू. तिचे कान लाल झालेले मला दिसले. ती एरवी चार माणसांतही बोलत नाही.

"ऐकणं नाही चुकलं," ती म्हणाली. "मोजणं चुकलं. तुम्ही सगळे डोळे मिटता का? मी एक आवाज लावते. तो ओळखीचा करून घ्या. मग परत ऐकू आला की बोट वर करायचं. दवाखान्यात करता तसंच."

निम्म्या सभागृहाने तिच्याकडे कान तपासून घेतलेले होते. सवयीने सगळ्यांचे डोळे मिटले. तिने उचकीचा आवाज लावला. मग ती सगळी रात्र लावली, मधले रिकामे भाग काढून. त्सि-इप. बोटं वर गेली. खाली आली. त्सि-इप. परत वर. अध्यक्षबाईंचं बोट, मास्तरांचं, पोछावाल्या बाईंचं. व्यवस्थापकांचंही आपोआप जात होतं. इतकी मोठी माणसं डोळे मिटून शाळेतल्या मुलांसारखी बोटं वर-खाली करत होती. मागच्या भिंतीला टेकून दिवेवाला उभा होता. त्याचे डोळे मिटलेले होते. हात खिशात.

मग आवाज यायचा थांबला. कुणी डोळे उघडले नाहीत. सगळे वाट बघत राहिले.

"आता?" शेवटी अध्यक्षबाईंनी डोळे मिटूनच विचारलं.

"आता माहीत नाही," सूनबाई म्हणाली. "पण जेवढ्या वेळा तुम्ही बोट वर केलंत, तेवढे पक्षी मी मोजले होते. तो एक होता."

मी बघितलं तेव्हा भिंतीपाशी दिवेवाला नव्हता.

एवढं झाल्यावर दिवा त्याच दिवशी बंद होईल, असं मला वाटलं होतं. पण माणसांचं तसं नसतं. अध्यक्षबाई म्हणाल्या, विषय गंभीर आहे, पुढच्या बैठकीत घेऊ. पुढची बैठक वसंत संपल्यावर. तोपर्यंत दिवा चालू ठेवण्याचा व्यवस्थापकांचा हुकूम कायम. मास्तरांनी कपाळाला हात लावला. "तोवर पक्षी जाऊन परत यायची वेळ होईल हो!"

घरात दिवेवाला आणि सूनबाई एकमेकांशी कामापुरतं बोलायला लागले. डबा घेतला का. किल्ली कुठे आहे. सासूबाई मधूनच दोघांना सारखंच रागवायच्या, कुणा एकाची बाजू घेतली असं दिसू नये म्हणून.

मग परत धुकं आलं. संध्याकाळी माझं आभाळ पांढरं झालं. पण थोड्याच वेळात ते काळं झालं. परत पांढरं. परत काळं. आणि मग काळंच राहिलं. मला वाटलं, आपल्यावर कुणी झाकण घातलं की काय.

सकाळी गल्लीत बातमी फुटली: दिवेवाल्याच्या दिव्यात बिघाड! दूधवाल्यापासून सगळ्यांनी त्याला चिडवून घेतलं. "काय साहेब, तुमचा दिवा विझतो म्हणे!" त्याने मान खाली घालून "होतं कधी कधी" म्हटलं. आभाळ स्वच्छ असलं की दिवा नीट लागायचा. धुकं आलं की बिघाड. व्यवस्थापक फोनवर ओरडायचे, तो म्हणायचा, ओल जाते साहेब, बघतो. त्याच्यासारखा माणूस सगळ्यांसमोर हे ऐकून घेतोय, याचं मला कोडं पडलं होतं. सूनबाईलाही पडलं असावं, कारण ती त्याच्याकडे बघायची आणि त्याने बघितलं की नजर काढून घ्यायची.

परवा संध्याकाळी ती माझा कागद बदलत होती. तो गच्चीवर आला आणि कठड्याला टेकला. मग खिशात हात घातला आणि तळहातावर काहीतरी धरून तिच्यापुढे केलं.

"हे काय?" तिने विचारलं.

"फ्यूज."

"कुठला?"

"तुला काय वाटतं, कुठला?"

ती त्याच्या हाताकडे बघत राहिली. "म्हणजे बिघाड..."

"माझ्या दिव्यात कधी बिघाड होत नाही," तो म्हणाला.

"हळू बोला, बादली चालू आहे!"

"असू दे. बादली कुणाला सांगणार आहे?"

"आणि व्यवस्थापकांना कळलं तर? नोकरी गेली तर?"

"गेली तर तुझ्या दवाखान्यात येऊन बोट वर करत बसेन." तो हसला, पण हसू अर्ध्यातच थांबलं. "तिथे सभेत माझं बोट वर गेलं नाही, ते ऐकू आलं नाही म्हणून नव्हतं गं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. मग तिने त्याच्या तळहातावरची ती छोटीशी वस्तू घेतली, पुसली आणि परत त्याच्या खिशात ठेवून वरून खिसा थोपटला.

हेच ते, जे मी सांगायचं नव्हतं. माझ्यात पडलेलं सगळं खाली संगणकात जातं, तसं हेही गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तो भाग ऐकला. परत मागे घेऊन ऐकला. पुसून टाकला की ठेवला, मला माहीत नाही. माझं बूड फुटकं आहे, माझ्यात काही राहत नाही, असं मी समजत होते; पण हे मात्र राहिलंय.

हाका आता कमी येतात. धुकं असलं तरी एखादी या काठावरून येते, माझ्यावरून जाते आणि त्या काठाने निघून जाते. परत येत नाही. सूनबाई सकाळी छोटासा आकडा लिहिते आणि दिवसभर खूश असते. पूर्वी जास्त आले की खूश, आता कमी आले की खूश. मला विचाराल तर मी अजून गोंधळलेलीच आहे. उचकी कुठे आहे, तेही मला कुणी सांगितलेलं नाही. मी दुसऱ्या कुणाला विचारूही शकत नाही, कारण बाकीच्या बादल्यांशी माझी ओळख नाही, आणि निळी फरशीखेरीज कशावर बोलत नाही.

आज संध्याकाळपासून पुन्हा धुकं दाटतंय. दिवेवाला डबा घेऊन गेला. जाताना दाराशी सासूबाईंनी त्याला विचारलं, "आज बिघाड आहे का रे?" तो चमकला. त्या इतकंच म्हणाल्या, "नाही, ओल फार आहे म्हणून विचारलं," आणि आत वळल्या. त्यांना कुणी सांगितलं, की त्याही माझ्यासारख्याच ऐकत असतात?

आत्ता माझं आभाळ पांढरं आहे. अजून काळं झालेलं नाही. व्यवस्थापक आज स्वतः मनोऱ्यावर येऊन बसणार आहेत, असं गल्लीत कुणीतरी म्हणत होतं. खूप उंचावर पहिली हाक आली. मला वाटतं, ती हाक माझ्याही पोटातून निघतेय: मी इथे आहे, तू आहेस ना...

"अगं सूनबाई! मोठी सर येतेय! ती बादली आधी आत घे, आतलं सगळं भिजेल!" सासूबाई जिन्यातून ओरडतायत. पावलं वर येतायत. आता मला उचलतील, वायर काढतील आणि माझं ऐकणं थांबेल. मनोऱ्यावर काय झालं, ते मला कळणारही नाही. म्हणून जाता जाता एवढंच सांगते. तुमच्याही घरावर, दुकानावर, कचेरीवर असा रात्रभर आभाळात जाणारा दिवा असेल, आणि वसंतात धुकं उतरलं, तर कुणाच्या बैठकीची वाट न बघता उठा आणि तेवढा तो दिवा...